राखीव मैदान

रग्बीच्या चौकशीचा कागद सोळा पानांचा.
लांबी, रुंदी, उतार, दिवे,
इस्पितळ किती मिनिटांवर,
बर्फ मिळेल का, किती, कुठून.
बर्फाचं मीच सांगितलं :
मासळीबाजारामागच्या कारखान्यातून, हवा तेवढा.
खैरनार साहेब म्हणाले, मासळी खोडा.
नुसता बर्फ ठेवा.

पाहणीला एक बाई आल्या, फार लांबून,
गुडघ्यावर जुना टाका.
म्हसरूळच्या टेकडीखाली उभ्या राहिल्या,
खिशातली किल्ली काढून जमिनीत खुपसली.
किल्ली वाकली.
आता त्यांना कसं सांगावं,
कुंभात इथे एसटीचा तळ होता,
हजार चाकांनी धोपटलेली जमीन ही,
एका किल्लीला काय दाद देणार.

दुभाषा म्हणाला, बाई म्हणतायत
पडलेली पोरगी हसत उठली पाहिजे,
अशी जमीन हवी.
आणि गवत.
कुठलं, ते त्यांनी फोनवर दाखवलं.
मी पाहिलं नि खाली बघून हसलो.
हराळी!

बावीस वर्षं दिंडोरीला, दुसऱ्याच्या द्राक्षबागेत,
मी हराळीच काढत आलो.
कुदळीनं काढली, औषध मारून काढली,
बोटाच्या पेराएवढी मुळी राहिली
तरी महिन्यात बांधापासून बांधापर्यंत.
माझी नखं तिनं खाल्ली.
आता तीच गोण्या भरभरून आणायची,
टेम्पोचं भाडं महापालिकेच्या खात्यावर,
आणि वीत-वीत अंतरानं लावायची
लाडाच्या रोपासारखी.
जुने मालक म्हणाले,
डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?

खांब अंबडला घडवले.
लियाकत वेल्डरनं आराखडा उलटासुलटा धरून पाहिला.
फाटक म्हणावं तर दार नाही,
मंडप म्हणावं तर वर काही नाही.
मी म्हटलं, चेंडू आडव्या दांडीच्या वरून मारायचा.
मग खाली एवढी जागा कशाला सोडली, म्हणाला.
ते सोळा पानांत नव्हतं.
उभे केले त्या दिवशी पहिला एक कोतवाल येऊन बसला,
शेपटी हलवत, जणू तोच पाहणीला आलेला.

चार महिने कुणाला आत पाय ठेवू दिला नाही.
सकाळचे फिरणारे पेन्शनर, क्रिकेटची पोरं,
लग्नाआधीचे फोटो काढणारे.
वसतिगृहातल्या मुली, पेठच्या, सुरगाण्याच्या,
तारेपलीकडे मुरमावर
तो लांबट चेंडू छातीशी धरून पळायच्या.
कोपरं सोललेली, त्यावर तीच माती दाबलेली.
जानकी गावित एकदा तारेशी आली.
काका, एकदाच पडून बघू?
मी म्हटलं, आधी परदेशी मुली पडून जाऊ दे.
हे मीच म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

मग पत्र आलं.
स्पर्धा पूर्वेकडच्या शहराला.
नाशिक : राखीव मैदान.
म्हणजे काय हो साहेब?
साहेबांनी चष्मा पुसला, परत घातला.
म्हणजे तिकडे पाऊस पडला तर.

सहा दिवस मी दुसऱ्याच्या गावचं आभाळ पाहिलं
फोनवर, तासातासाला.
गारपीट टळावी म्हणून नवस बोललेला माणूस मी,
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून
कुणाच्या तरी डोक्यावर ढग मागत होतो.
रोज पाणी, रोज चुन्याच्या रेघा,
रेघांवरून रोज पुन्हा रेघा.
तिकडे ऊन. चौतीस अंश. वारा मंद.

सहाव्या दिवशी पाचला
तिकडे शेवटचा सामना सुरू झाला
आणि इकडे मी कुलूप काढलं.
कुणाला विचारलं नाही.
बर्फही मागवला, पैसे आगाऊ गेलेच होते.

मुली आत आल्या त्या चपला हातात घेऊन,
देवळात शिरल्यासारख्या. मला आवडलं नाही ते.
पळा की, म्हटलं.
जानकी आधी मुद्दामच पडली.
उठली.
मग रोहिणी भोये तिच्यावर, मग सगळ्याच,
खांद्यात खांदे अडकवून रेटारेटी,
टाचांखालून गवताचे थरच्या थर निघाले,
माझे चार महिने ढेकळांनी उडत होते,
पोटात कालवलं, पण शिट्टी माझ्याकडे नव्हती.
आणि हराळीच ती. जाऊन जाते कुठे.

रात्री बायको म्हणाली, उद्या चतुर्थी,
एवढं रान राखता,
एकवीस दुर्वा नाही का आणवल्या?
म्हटलं, त्या नको.
चुना लागलाय त्यांना,
आणि एकीच्या गुडघ्याचं थोडं रक्त.